पेन्सिल

चाकूरहून पहाटेच्या एस्टीनं आले धोंडीराम पांचाळ,
बिडी सोडून एकोणचाळीस दिवस.
औसा रोडला आमचं सेंटर, तळघरात.
लातूरच्या उन्हातून उतरले आणि एसीला बघून मफलर मागितला.
"धातूचं काही?" मी विचारते, सगळ्यांना विचारते तसंच.
चांदीचा करदोडा, तांब्याची अंगठी,
आणि शर्टाच्या खिशातून सात चुका, अर्ध्या इंची.
"सुताराच्या खिशात आन् काय निघंल, ताई?"
ट्रेमध्ये ठेवल्या.

मग ते आत. डोकं पिंजऱ्यात, हातात बटण.
यंत्र ठोकायला लागलं
आणि स्पीकरवर त्यांचा आवाज:
"रंधा बी मारा की जरा, नुसतंच ठोकलालाव."

समोर चित्रं, चार-चार सेकंद.
गोऱ्या बोटांतली सिगारेट. राखदाणी. लायटर.
मधेमधे साधी, तुलनेपुरती:
चमचा, कुलूप, पेन्सिल.

संध्याकाळी डॉक्टर मॅडम रंग भरत बसल्या.
सिगारेटला मेंदू ढिम्म.
पेन्सिलीला मात्र खोल आत, दोन्ही अंगांनी,
विझत्या शेगडीवर कुणी फुंकर घालावी तसं लाल.
"डोकं हललं असेल," मॅडम म्हणाल्या,
"पेन्सिलीला कोण भुलतं?"
तक्त्यात लिहिलं: धोका कमी.

मला सकाळ आठवत होती.
पायरीवर बसलेले ते, डाव्या कानावर लाल पेन्सिल,
आणि उजवा हात सारखा
उजव्या कानामागच्या रिकाम्या जागेवर.
बोलले नाही. मी टेक्निशियन.
माझ्या पर्समधली मिश्रीची डबी
तीही कुठल्या तक्त्यात नाही.

सातव्या आठवड्यात फोन लावला, यादीत नाव होतं म्हणून.
पलीकडं करवत थांबली.
"सोडलो होतो बगा ताई. खरंच सोडलो होतो.
चौकटीचं माप घेतलालो,
ह्या कानावरची पेन्सिल काढलो
न् हात आपसूक त्या कानावर गेला.
मी काय नेलो नाही."
"मग?"
"मग काय. पोराला दुकानात धाडलो."

रकान्यात फुली मारली. पेन्सिलीनंच.

फोन ठेवता ठेवता म्हणाले,
"माझ्या चुका ऱ्हायल्या बगा तुमच्याकडं.
टाकू नका.
येतो मी परत."