दीड किलो कमी

वेर्ण्याच्या सड्यावर सकाळी सहाला चोवीस अंश.
औद्योगिक वसाहतीतला कुठेच न जाणारा एक रस्ता,
तो आमचा ट्रॅक.
प्रिस्काने गाडी तिसऱ्या वळणात घातली
आणि ती धरून राहिली रस्ता,
पातोळीला हळदीचं पान धरतं तशी.

पंख कागदावर मी काढलेले.
साच्यातून उचलले ते बेतूलच्या मिंगेलबाबांनी,
जन्मभर फायबरच्या होड्या केलेल्या हातांनी.
"पाणी होडीला वर ढकलतं," ते म्हणाले होते,
"आणि तुझी हवा गाडीला खाली?
उलटं काम घेतलंस, पोरी."

दुपारी दोनला पस्तीस.
तांबड्या दगडावर काहीतरी थरथरतंय,
काजूची झाडं कमरेपासून वितळलेली.
तीच गाडी, तोच कोन, तीच प्रिस्का.
सरळ रस्त्यावर जरा जास्तच पळाली,
वाट अडवायला हवा कमी होती ना,
आणि तिसऱ्या वळणात नाक बाहेर.
तीन शंकू आडवे.

टायरला टेकून हिशेब केला.
सकाळी दोन्ही पंखांवर मिळून चाळीस किलो,
आता साडेअडतीस.
दीड किलो.
मडगावच्या बाजारातली एक बरीशी विसवण.
टायरचाही दोष असेल थोडा. असू दे.

मिंगेलबाब कपाळ पुसत म्हणाले,
"हवा जड झालीय आज."
मी सांगणार होते
की दमट हवा उलट हलकी असते,
वाफ वजनाला कमीच भरते.
पण त्यांचा सदरा पाठीला चिकटलेला.
नाही सांगितलं.

मग लॅपटॉप उघडला आणि दिसलं:
तापमान, पंधरा अंश.
आधीपासूनच भरून आलेलं, मी बदललंच नव्हतं.
कुणाच्या गावची थंडी ही?
पेडण्यात नाही, काणकोणात नाही,
आणि त्या थंडीच्या भरवशावर
मी महिनाभर सव्वाएक्केचाळीस किलो मोजत होते
जे सकाळीसुद्धा कधी आलेच नव्हते.

प्रिस्का हेल्मेट काढून पाणी पीत होती. काही बोलली नाही.

पंखाच्या बाजूपट्टीवर
जुन्या छिद्राच्या वर पेन्सिलीची खूण केली,
दोन अंश जास्त.
मिंगेलबाबांनी ड्रिल लावलं.
पांढरी भुकटी तांबड्या धुळीत पडली.
त्यांनी फुंकर मारली, डोळा लावून पाहिलं,
आणि ड्रिल खाली न ठेवता विचारलं:

"अजून एक पाडून ठेवू वर?
मे यायचाय."