मधली वेळ

सोहारच्या अलीकडे, फलज अल कबाईलच्या कॅम्पात
खोली बावीस, खाट चौथी, खालची.
दिवसा ती लतीफ बुरोंडकरची, रात्री माझी.
गादीतला खळगा त्याचा की माझा
हे आता दोघांनाही सांगता येत नाही.

तो रात्रपाळीचा. उजाडताना येऊन आडवा होतो,
आणि खिडकी नेमकी पूर्वेला.
पडदा ओढायचा तर हात वर न्यावा लागतो.
त्याचा उजवा, परांचीवरून पडल्यापासून,
खांद्यापाशी येऊन थांबतो.
मी म्हटलं, मोटर लावू.
म्हणाला, फुकटात होत असेल तर लाव.

फुकटात नाही झालं.
भंगारवाल्या बलुचीकडून निसानची वायपर मोटर,
दोन रियाल, घासाघीस करून दीड.
बॅटरी फोरमनच्या मरायला टेकलेल्या पिकअपची.
फुटक्या ॲम्प्लिफायरच्या पोटातून चार ट्रान्झिस्टर,
दोन एनपीएन, दोन पीएनपी,
पाठीला ॲल्युमिनियमची पट्टी, थंड राहावेत म्हणून.
ऑगस्टात. इथं.
मधे मोटर, दोन्हीकडे वर एक, खाली एक,
कागदावर काढलं की इंग्रजी एच.
लतीफ वाकून बघत म्हणाला,
ही तर खाट, पायथ्याकडून पाहिलेली.

तिरपे दोघं चालू, पडदा बंद.
दुसरे तिरपे दोघं, पडदा उघडा.
गडहिंग्लजच्या आयटीआयत हत्तरकी सर
खडू मोडेपर्यंत फळ्यावर आपटून सांगायचे:
एकाच बाजूचा वरचा आणि खालचा
दोघं एकदम कधी नाहीत!
मोटर राहते बाजूला आणि करंट सरळ खाली,
विहिरीत घागर सुटावी तसा.

पहिल्यांदा डायोड विसरलो.
विसरलो म्हणजे, नव्हते, आणि चालून जाईल म्हटलं.
पडदा गेला झोकात. बटण सोडलं,
टक्.
फिरत्याला एकदम थांबवलं
तर त्याच्या पोटातलं जाणार कुठं?
परतायला वाट ठेवली नाही की ते दार फोडतं.
आमच्या थोरल्याचं घरात तेच व्हायचं.
मग जळक्या कॉम्प्युटर सप्लायमधले चार, जाडे,
उलट्या तोंडानं बसवले.

दुसऱ्यांदा आधी वास आला.
मी बटण इकडून तिकडे झटकन फिरवलं होतं.
जाणारा अजून पुरता गेला नव्हता,
येणारा आला होता.
पट्टीला बोट लावलं, कातडी पट्टीलाच राहिली.
वरच्या खाटेवरचा टेकबहादुर हसला,
वर्षात पहिल्यांदा.
मग एक रेझिस्टर, एक कपॅसिटर:
त्याला जाऊ दे, थोडं थांब, मग तू ये.
त्या थांबण्याला डेड टाइम म्हणतात.
मेलेली वेळ. कुणी ठेवलं असेल नाव.

आमची सात मिनिटं असते.
त्याची बस पाच वीसला येते,
माझी पाच सत्तावीसला सुटते.
दारात तो बूट काढतो, मी घालतो.
डाळ झाकून ठेवलीय.
नळाचं पाणी गेलंय, बादली भरलेली आहे.
पोरीचा निकाल लागला, त्र्याहत्तर टक्के.
कशात कमी पडली?
ते संध्याकाळी सांगतो.
संध्याकाळी पुन्हा सात, तो घालतो, मी काढतो.
शुक्रवार सोडला तर हा माणूस
बसलेला मी पाहिलेला नाही.

शुक्रवारी खाट रिकामी असते.
तू झोप, नको तू झोप, करत
दोघंही खाली फरशीवर, खाटेला पाठ टेकून.
काल बटण त्याच्या डाव्या हातात दिलं.
पडदा घरघरत निघाला,
अर्ध्यावर आला, थांबला.
ऊन गादीच्या निम्म्यापर्यंत.
बिघडलं काय रे, मी उठायला लागलो.
बस, म्हणाला. मी सोडलंय.