शॉर्ट

डेपोच्या कॅश खिडकीत हा शब्द
माझ्याही आधीपासून बसलेला.
नोटा मोजायच्या, नाण्यांच्या चळती लावायच्या,
मशीनच्या कागदाशी ताडून बघायचं
आणि मान वर न करता सांगायचं,
"आठ रुपये शॉर्ट."
कंडक्टर खिसा चाचपतो. रागावत कुणीच नाही.

तूट म्हणून पाहा,
अर्थसंकल्प उभा राहतो, चष्मा पुसत.
उणीव म्हटलं की शोकसभा, फोटोला हार.
खोट म्हणावं तर कुणाची तरी नियत निघते.
शॉर्ट बिचारा कुणाचं नाव घेत नाही.
भरलं, की मिटलं.

वडाळ्याच्या आमच्या दोन खोल्यांत
तो चपला काढून आत येतो.
ब्लाउजपीस वीतभर शॉर्ट, म्हणून बाह्या आखूड.
धाकटा दीर पोलीस भरतीत अर्धा सेंटिमीटर शॉर्ट,
वर्षभर दाराच्या चौकटीला लोंबकळायचा,
चौकट तेवढी सैल झाली.
लेकीची हजेरी शॉर्ट, पत्रावर सही माझी.
अवचित पाहुणा आला तर आमटीत तांब्याभर पाणी,
आणि मी उपाशी नसते,
जरा शॉर्ट असते इतकंच.

पण मंगळवारचा दहिफळे.
निवृत्ती दहिफळे, बिल्ल्यावरचा नंबर झिजलेला.
दर मंगळवारी पंधरा. ना चौदा, ना सोळा.
"सुट्ट्यांचा घोळ हो, मॅडम."
घोळाला वार कळतो?
तिसऱ्या महिन्यात विचारलंच मी.
रिकामी बॅग उलटी झटकत म्हणाला,
परळला हॉस्पिटलच्या स्टॉपवर एक बाई चढते.
सोबत पोरगं, ऐन मे महिन्यात कानटोपी.
खिडकीच लागते त्याला.
एक फुल, एक हाफ.
तिकीट तर काढावंच लागतं ना.

मी पंधरा लिहिले. त्याने पंधरा भरले.
असे बरेच मंगळवार.

काल त्याची बॅग मोजली.
पुन्हा मोजली. थुंकी लावून तिसऱ्यांदा.
"दहा," मी म्हटलं.
तो दहाची नोट आधीच
हातात धरून उभा होता.

रजिस्टरात रकाने दोनच,
शॉर्ट आणि जादा.
मी दहा लिहिले, पावती फाडली.
उरलेले पाच कुठे मांडायचे,
ते मला अजून कुणी शिकवलेलं नाही.
मागचा कंडक्टर बॅग सरकवत म्हणाला,
मॅडम, जरा लवकर.