सोडले: एक

डोमाजी वाघाडेंचा पाय
रोज साडेनऊला उघडतात.
मेडिकलच्या वॉर्डात पंखा फिरतो,
माशी बसणार नाही इतकाच.
मी कल्चरचा रिपोर्ट वाचते:
डावीकडे औषधांची नावं,
उजवीकडे खाली खाली
आर, आर, आर, आर.
"म्हनजे काय, मॅडम?"
म्हणजे जंतू ऐकत नाहीत.
"माह्या पोट्ट्यासारखे," ते हसतात,
पाय हलतो,
हसू तिथंच थांबतं.

तीस वर्षं या माणसानं
नागपूरच्या कॉलेजांना बेडूक पुरवले.
गोरेवाड्याकडची रात्र, कंदील, ओलं पोतं,
डझनाला अठरा रुपये.
माझाही त्यांच्याच पोत्यातला असेल:
मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला.
त्याचं हृदय नीट काढून दाखवलं
म्हणून दहापैकी नऊ.
कातडी सोलून बाजूला टाकली होती.
कातडीवर प्रश्न नव्हता.

आता माझ्या सगळ्या वह्या कातडीवर.
जिथं वस्तीचं सांडपाणी येऊन थांबतं
तिथं हा बसतो, उघडा, ओला,
आणि कुजत नाही.
पाठीवरच्या चिकट्यात
वीस-पंचवीस मण्यांची एक माळ.
जंतूला चिकटते, त्याच्या पडद्याला भोकं पाडते.
काचेच्या बशीत सोळा मिलिमीटरचं
स्वच्छ वर्तुळ दिसलं तेव्हा
मी कुणालाच फोन केला नाही.
कारण तीच माळ
आपल्या लाल पेशीही फोडते,
आणि रक्तात गेली की
बघता बघता तिचे मणी सुटतात.

"चिखलात काच लागे, हात कापे," डोमाजी सांगतात,
"पन कधी पिकला नाही.
मले वाटे, माहंच रगत चांगलं."
हा पुरावा नव्हे.
तरी मी लिहून घेते.

गुरुवारी घोट्यापासून काढणार आहेत.
माझ्या औषधाला दहा वर्षं लागतील,
किंवा ते होणारच नाही.
हे मी त्यांना सांगितलं.
बराच वेळ ते पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले,
"मागच्या तंगडीनं धरू नका,
निसटते. मोडतेही.
कमरेत धराचं. हलकं."

रात्री तळ्याच्या काठी
कमरेत धरला.
हलका झटका, पाठ धुतली,
ते पाणी बाटलीत.
मग हात उघडला.
तो लगेच गेला नाही,
तळव्यावर बसून राहिला, गळा हलत.

वनखात्याच्या फॉर्मवर शेवटचा रकाना असतो.
डोमाजींनी कधी मोजले नव्हते.
मी टॉर्च तोंडात धरून लिहिलं:
सोडले, एक.