कच्ची कडी

उद्यमनगरात एकवीस वर्षं लेथवर उभा आहे.
तुटू नये असंच सगळं मागत आले लोक:
पंपाचा दांडा, ट्रॉलीची पिन, गुऱ्हाळाच्या चरकाचा आस.
तुटलं की शिव्या, आणि गिऱ्हाईक शेजारच्या शेडात.

एकटे मगदूम अण्णासो आले, ग्लायडरवाले,
म्हणाले, बरोबर पाचशे किलोला तुटली पाहिजे.
मी चहा खाली ठेवला.
मुद्दाम तुटायची वस्तू?
व्हय. ती तुटली न्हाई तर पंख तुटतो.

म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी या माळावर,
विंचवर, जाळीच्या पिंजऱ्यात,
पुढं जुन्या ट्रकचं इंजिन, हजार मीटर तारेचा ड्रम,
मांडीजवळ तंबाखूच्या डब्यात बत्तीस कड्या.

दोन दिवस काहीच उडालं नाही.
खालच्या रानात पाचट पेटवलेलं,
धूर वर जाईना, दुपारपर्यंत आडवा पडून,
जोतिबाचा डोंगर पुसून गेलेला.
बिल्किस मुजावर सकाळी सहाला फुगा सोडायची,
मान वर करून घड्याळ मोजायची.
पुण्याचे, इंदूरचे पायलट तिच्याभोवती,
जणू तिनेच हवा कुलपात ठेवली आहे.
ती वही मिटायची. "अजून नाही."
तंबूत गुण लिहिणारा श्रीपाल
कोऱ्या तक्त्यावर शून्यं काढून ठेवायचा, सुबक.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, दीड ते तीन. तेवढंच.

विंचवरून कुणाचा चेहरा दिसत नाही.
माळाच्या पार त्या टोकाला एक पांढरी रेघ,
पंखाचं टोक धरून पळणारं एक पोर,
वायरलेसवर एक शब्द: ताण.
मग तार गवतातून सापासारखी सरळ होते,
हाताखाली लिव्हर थरथरतं,
आणि रेघ उभी राहते आभाळाला टेकून.
दहा वेळा असं झालं.
अकराव्याला वारा फिरला.

मला तो आधी ड्रमवर कळला,
इंजिनचा आवाज जड झाला,
भरल्या गाडीपुढं चढ यावा तसा.
मी लिव्हर मागं घेतच होतो.
फाट्.
तार सैल, हवेत वेडीवाकडी,
आणि वर ती रेघ, नाक खाली करून, एकटी.
किती वेळ, ते सांगता येणार नाही.
वायरलेस खरखरला: उतरला. बरा आहे.

बरा कसला, पोरगं खाली येऊन टोपी आपटत होतं.
त्याचा दिवस गेला. इंदूरहून आला होता.
कुणाची कडी होती, असं काहीतरी ओरडला,
मी पिंजऱ्यातून ऐकलं.
उत्तर द्यायला वेळ नव्हता,
पन्हाळ्याच्या अंगानं काळं उठलं होतं.

पुढचं सगळं पळापळीचं.
तंबू उडाला, श्रीपाल तक्ता पोटाशी धरून बसला,
चिकूएवढ्या गारा विंचच्या पत्र्यावर.
माळावर शेळ्या राखणाऱ्या चार बायका न बोलावता आल्या
आणि एकेका पंखावर ओणव्या पडल्या,
दावं तोडू बघणारं जनावर दाबून धरावं तशा.
त्यांचं जेवणाच्या यादीत नाव नव्हतं.
संध्याकाळी बिल्किसने आपला डबा त्यांच्यात उघडला.

दोघं बाहेर उतरले होते, एक कागलच्या वाटेवर खोडव्यात.
ट्रेलर घेऊन अण्णासो गेले, रात्री अकराला परतले,
पायाला ऊस चिरून रक्ताच्या रेघा,
म्हणाले, मालक भला होता, आधी ताक दिलं,
मग सऱ्या मोजल्या.

मी बॅटरी घेऊन माळभर फिरलो.
कडी चिखलात सापडली, अर्धी.
अंगठ्यानं पुसली.
तुटलेलं तोंड पांढरं, दाणेदार,
साखरेच्या पोत्यात हात घालून मूठ उघडावी तसं.
कुठंही जुनी चीर नाही, गंज नाही.
लागलं तेव्हा तुटली.
खिशात टाकली.

सोमवारी शेड उघडलं.
पहिलंच गिऱ्हाईक, चरकाचा आस दोन तुकडे, तोंडात शिवी.
मी तुकडा उजेडाकडं धरला, दाणा बघत राहिलो.

"बघालाय काय नुसतं? जोडा की!"