घर राखणारी

फाटकाच्या दगडी खांबावर
बुडाला भोक पडलेला तवा,
त्यात मूठभर माती
आणि मातीला चिकटून बसलेली ही.
चुवारकुचा म्हणतात इकडे तिला,
म्हणजे घर राखणारी.
उंची म्हणाल तर चार बोटं.

पाच महिने बर्फाखाली दबून
मार्चात वर येते जराशी तांबूस,
कुणी गालाला चिमटा काढल्यासारखी.
पाणी कधी मागत नाही.

मिलोयेचा कान ठणकला त्या रात्री
वेसेलिन्काने एक पान खुडलं,
बोटांत चुरडलं, दोन थेंब पिळले.
तो रडायचा थांबला.
पानामुळे की आईच्या गार बोटांमुळे,
कोण सांगणार.

आता मिलोये लिंझला टाइल्स बसवतो.
गेल्या ऑक्टोबरात वेसेलिन्काही निघाली त्याच्याकडे,
किल्ली शेजारच्या रादेच्या हातात देऊन.
म्हणाली, तव्याकडे नाही बघितलंस तरी चालेल.

रादे बघतोच.
या जुलैत मधल्या गड्ड्यातून
जाडसर, लवदार देठ उठला,
टोकाला गुलाबी चांदण्यांचा घोस.
रादेला ठाऊक आहे,
फुललेला गड्डा त्यानंतर वाळतो,
मुळासकट.

संध्याकाळी त्याने लिंझला फोन लावला.
पावसाचं बोलला, प्लमच्या दारूचं बोलला,
छपराच्या दोन कौलांचं बोलला.
फुलाचं राहिलंच.

मग टाचा उंचावून
मोजली तव्याच्या काठावरून लोंबणारी पिल्लं.
अकरा.
बारावं खाली, खांबाच्या फटीत,
कुणी न लावता
जाऊन बसलेलं.