साफसफाईचे ऐंशी

वाडी नाक्यामागच्या शेडमध्ये
कॅम्पर गाडी परत आली की
आधी पायपुसणं झटकतो मी.
वाळू पडते.
गुहागरची बारीक, कधी आणखी कुठली काळसर,
एकदा कोणी थेट पुरीला नेली होती, ती जरा जाड.
गादीच्या शिवणीत, बेसिनच्या जाळीत, शेगडीखाली
समुद्र कुठं कुठं शिरून बसतो
हे भाड्यानं नेणाऱ्यांना ठाऊक नसतं.
मालक साफसफाईचे तीनशे कापतो.
त्यातले मला ऐंशी,
आणि वाळू.

वाळू मी बिस्किटाच्या डब्यात ठेवतो.
तीन वर्षं झाली.
वत्सला म्हणते, "काहून जमा करून राहिले जी?
घर बांधाचं हाय का?"

यंदा सव्वीस जानेवारी शुक्रवारी आली.
धरमपेठेतल्या पार्टीनं ऐनवेळी बुकिंग मोडलं.
मालक म्हणाला, उभ्या उभ्या बॅटरी उतरते,
फिरवून आण कुठंतरी.
डिझेल तुझं.

समुद्र हजार किलोमीटर,
डिझेल माझं.
म्हणून खिंडसी.

मनसरला वळलो तेव्हा यामिनीनं विचारलं,
"हाच का समुद्राचा रस्ता?"
पाण्याचा आहे, मी म्हणालो.

काठावर गाडी लावली, चाकांना दगड दिले.
बाजूचं ताडपत्रीचं छत उघडलं.
गिऱ्हाइकांना शिकवताना शंभरदा उघडलं असेल,
त्याच्या सावलीत बसलो नव्हतो.
वत्सलानं आत जाऊन पाचही कपाटं उघडून पाहिली,
लावली,
पुन्हा उघडली.
मग एवढी शेगडी असताना
बाहेर येऊन गोवऱ्यांवर रोडगे भाजले, वांगी भाजली.
गाडीला वास नको लागायला, म्हणाली,
सोमवारी कोणाचं तरी बुकिंग असंल.

रात्री दोघांच्या गादीवर तिघं.
थंडी पत्र्यातून आत येत होती.
लाट म्हणावी असं काही नव्हतं,
न झोपणाऱ्या पोराला थोपटावं
तसं वारा पाण्याकडून काठाला थोपटून घेत होता.
"बाबा, भरती केव्हा येते?"
गिऱ्हाइकांकडून जे कळलं होतं ते सांगितलं:
समुद्र मागं जातो, जाताना चपला नेतो,
कधी त्यातली एकच आणून टाकतो.
डाव्या पायाची एक शेडमध्ये पडली आहे,
सात नंबरची.

सकाळी धुक्यातून शिंगाडेवाल्याचा डोंगा आला.
गाडीकडे बराच वेळ पाहत राहिला बिचारा.
"कोणाची जी एवढी मोठी?"
वत्सला शिंगाडे निवडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आमची.
अर्धा किलो अजून टाका."

मी टायर तपासायला गेलो.
तपासण्यासारखं काही नव्हतं.

आलो तर यामिनीनं डबा काठावर उपडा केलेला.
केव्हा गाडीत घातला होता, देव जाणे.
दोन पावलं मावतील एवढीच झाली वाळू.
तीत ती अनवाणी उभी,
पाण्याकडे तोंड करून,
हाक मारली तरी हलेना.
तीन वर्षांची वाळू.
मला राग आला होता थोडा.
वत्सलानं मला गरम शिंगाडा सोलून दिला,
तो खाल्ला.

सोमवारी शेडमध्ये पायपुसणं झटकलं.
काळी माती, शिंगाड्याची टरफलं, राख.
मालकानं वही काढली,
"साफसफाई कोणाच्या नावावर लिहू?"
मी पाण्याचा पाइप सुरू केला,
ऐकू न आल्यासारखा.